वहीबिगर सांग

"काकू, वही ठेवा आणि गप बसा. कोर्टात मेंढ्या नाय हाकायच्या."

लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा आमचा अभ्यासगट. जागा एका वकिलाचं ऑफिस, वाक्य त्याच्या पोराचं. त्याचं वय बावीस, माझं चव्वेचाळीस. मी करार कायदा समजावत होते. "दोघांची मर्जी पायजे," एवढंच म्हणाले होते. 'पायजे' ऐकून दोघं-तिघं हसले. माझं माहेर पिशोरचं, बाप मेंढरं राखायचा, हे मीच त्यांना सांगितलं होतं. अभिमानानं.

मी गप बसले. वही दिली. लिहिताना लाज वाटते, पण दिली.

गट मीच जमवला होता. कुणी काय वाचायचं, कुणी कधी समजावायचं, तक्ता माझा. पण वाचून येणाऱ्या दोघीच. मी आणि रेहाना, शहागंजातल्या शिंप्याची मुलगी. बाकीचे माझ्या वहीचे फोटो काढायचे, समोसे खायचे आणि याला अभ्यास म्हणायचे. पाठीमागं बापाची जाड पुस्तकं असली की डोक्यात काही असावं लागत नाही, असा पोराचा समज.

तीन आठवडे मी वही पुरवली. चौथ्या आठवड्यात रेहाना समजावायला उभी राहिली. तयारी चोख. तिनं "मतलब" म्हटलं आणि पोरानं तिची नक्कल केली. ती मान खाली घालून बसली.

ते बसणं माझ्या ओळखीचं होतं.

मी त्याच्या हातातून माझी वही काढून घेतली.

"आता तू सांग. वहीबिगर."

"काय सांगू?"

"करारात प्रस्ताव म्हंजे काय?"

तो बापाच्या कपाटाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, मजाक होती. लगेच मनावर घेता."

"मनावर नाय घेतली. तक्त्यातून तुझं नाव खोडलं."

आता रेहाना, मी आणि आणखी दोघी तिच्या अब्बांच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. नियम भिंतीवर आहेत. वाचून यायचं. पुस्तक मिटून सांगायचं. अडलं तर विचारायचं, हसायचं नाही. रेहाना दखनीत सांगते, मी पिशोरच्या बोलीत. कायद्याला काही होत नाही.

परवा पोराचा मेसेज आला, "काकू, नोट्स टाका ना." तक्ता बघितला. नाव नव्हतं. मेसेज पुसला.

पुढच्या महिन्यात कॉलेजात अभिरूप न्यायालय आहे, सरावासाठी लुटुपुटीचा खटला. समोर तोच असेल, बापाचा कोट घालून. आमच्याकडून आधी रेहाना बोलेल, मग मी. मी 'पायजे'च म्हणणार. हसू आलं तर त्यानं बाहेर जाऊन हसावं.