वरून सोनं, आतून निकेल

आमची आणि धोंडुबाईची भिंत एकच. कळंब्यात आमच्या आळीला घरं अशीच, फोडणी तिकडं पडली की शिंक इकडं. तेव्हा ते भांडण मी काही मुद्दाम ऐकलं नाही.

"मोकळ्या गळ्यानं हिंडतीस? माझा लेक जिता हाय अजून!"

"आत्ती, आग हुतीया हो. वाईच काढलं तर काय झालं?"

"आग न्हाय, नाटकं हायत. घाल आधी!"

ही सून स्वप्नाली. लग्नातलं सोन्याचं मंगळसूत्र सासूनं साखळीचोरांच्या भीतीनं कपाटात कोंडलेलं. रोज घालायला मुलाम्याचं. ते घातलं की पोरीला एका जागी टिकवत नसे. भाकरी थापताना पिठाचाच हात गळ्याला जायचा. बसली की उठायची, उठली की खाजवायची. कुणी घाम म्हणालं, कुणी दृष्ट. मी खोबरेल दिलं, त्यानं गळा नुसताच चकाकला.

तिचा नवरा विश्वजित उद्यमनगरात मुलाम्याच्या कारखान्यात कामाला. बायकोवर जीव. वाट्यांचा रंग उडाला की स्वतः नवा मुलामा चढवून आणायचा. थोडे दिवस बरे जायचे, सोनं झिजलं की खाज दुप्पट. मग तो बिचारा आणखी जाड थर द्यायचा.

शेवटी ती दोघं नि मी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी विचारलं, "सोन्याच्या खाली काय देता?"

"निकेल," विश्वजित छाती काढून म्हणाला. "त्याबिगर चकाकी येत न्हाय. हिच्यासाठी तर डबल देतो."

बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाल्या, निकेल कुणाकुणाच्या कातडीला सोसत नाही, घामानं सुटतं आणि आग होते.

"म्हणजे मीच खाजवतोय व्हय हिला?" विश्वजितचं तोंड एवढुसं झालं.

मग त्यानं तांब्याच्या वाट्या केल्या. खाज थांबली, पण घामानं गळा असा हिरवा झाला की पोरीला दारात उभं राहायची लाज.

"आत्ती, चांदीची जोडवी लग्नापासनं पायात हायत, कधी खाजली न्हाईत. चांदीच्याच वाट्या करूया की."

"पायातलं गळ्यात? लोक काय म्हणतील?"

"मग कपाटातलं सोनं द्या."

धोंडुबाई कात्रीत सापडली. इकडं चोर, तिकडं लोक. कनवटीची किल्ली चाचपत घरभर फिरायची, कपाटापर्यंत जायची, परत यायची. स्वप्नालीनं मंगळसूत्र काढून देव्हाऱ्यात ठेवलं, ते ठेवलंच. सासूला जेवण गोड लागेना, मलाही भिंतीपलीकडची शांतता सोसेना.

एका सकाळी म्हातारी कुणाला न सांगता हुपरीच्या एस.टी.त बसली. चांदीकारांच्या त्या गावाहून दुपारी आली, पदराची गाठ सोडली आणि चांदीच्या वाट्या सुनेच्या हातावर ठेवल्या.

"लोकांचं काय जातंय? त्यांचा गळा थोडाच खाजतोय! ओवून घाल."

संध्याकाळी स्वप्नाली त्या वाट्या घालून, चरवी घेऊन, समोर धार काढून देतात त्या कट्ट्यावर दुधाला गेली. म्हैस पान्हवेस्तोवर एका जागी उभी राहिली, फेस बसू दिला, माप भरून घेतलं आणि दिवेलागणीच्या आत घरी आली.