यादी लागली तेव्हा आम्ही माजुलीत होतो

फेब्रुवारीत कुठेतरी जायचं, हे आमच्या घरात संक्रांतीच्या आधीच ठरलं होतं. कुठे, यावर मात्र तीन आठवडे गेले. माझी मुलगी तेजल नववीत. पुढच्या वर्षी दहावी, मग आमच्या हैदराबादच्या दिलसुखनगरचे क्लासेस, म्हणून यंदा तिला बेटच हवं होतं. माझा नवरा राजेश जामबागच्या एका शाळेत गणित शिकवतो. अंदमानच्या विमानाचं चौघांचं भाडं त्याने मनातल्या मनात गुणलं आणि लॅपटॉप मिटवला. दोन दिवसांनी तेजलच माजुली शोधून घेऊन आली. आसाममध्ये, ब्रह्मपुत्रेच्या पात्रातलं बेट. फेब्रुवारीत थंडी ओसरते, मोहरी फुललेली असते, नदी उतरलेली असते, असं सगळं तिने वाचून दाखवलं. बेटाला समुद्रच लागतो असं कुठे लिहिलंय, असंही वर विचारलं.

मला हे पटायचं कारण वेगळं होतं. माझे वडील, बाबा, आमच्याकडेच अंबरपेठला राहतात. आम्ही मूळचे नांदेडकडचे, मुखेडजवळच्या गावचे. बाबा अठराव्या वर्षी गाव सोडून रेल्वेत लागले आणि सांधेवाला म्हणून, म्हणजे रुळांचे सांधे बदलत, पुरी नोकरी गुंतकल जंक्शनला केली. मी तिथेच तेलुगू शाळेत शिकले, हैदराबादला सरकारी नोकरीत लागले, इथलीच झाले.

आदल्या जूनमध्ये राज्याचे दोन भाग झाले आणि आमच्या मुख्य कार्यालयातल्या माणसांचीही वाटणी करायची ठरली. कुणी तेलंगणात, कुणी आंध्रात. एक फॉर्म आला. तुम्हाला कुठे राहायचंय, हा एक रकाना; आणि चौथी ते दहावी कुठे शिकलात, हा दुसरा. पहिल्यात मी तेलंगणा लिहिलं. दुसऱ्यात गुंतकल लिहावंच लागलं, आणि गुंतकल आता आंध्रात. वाटणीत जास्त वजन या दुसऱ्या रकान्यालाच होतं. ते लिहीत होते तेव्हा बाबा समोर बसले होते. त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. एकदा नुसतंच म्हणाले की माझ्या नोकरीनं तुझं गाव बदललं. मी हसून सोडून दिलं, पण ते त्यांच्या मनातून जाईना. यादी कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात बसून तिची वाट बघण्यापेक्षा त्यांना लांब कुठेतरी न्यावं, हा माझा बेत होता.

रजा मिळायला त्रास झाला. फायलींचीही वाटणी चालू होती, साहेब कुणालाच सोडत नव्हते. शेवटी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पद्मजा गारूंनी, म्हणजे पद्मजाबाईंनी, त्या आंध्रातल्या गुंटूरच्या, माझं काम स्वतःकडे घेतलं म्हणून दहा दिवस मिळाले.

सिकंदराबादहून गुवाहाटीची गाडी. बाबांना रेल्वेचा पास, आम्हा तिघांची स्लीपरची तिकिटं. दोन रात्री आणि वर बराचसा दिवस गाडीत जातो, तेव्हा खाण्याची तयारी करूनच निघा. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहात बुडवायला उस्मानिया बिस्किटं नेली होती. बाबांनी पहिला दिवस एका दशमीवर काढला. ओडिशा ओलांडलं तसे ते खिडकीशी सरकले आणि दिसेल त्या स्टेशनच्या यार्डाबद्दल तेजलला सांगायला लागले. बंगालमध्ये त्यांनी स्वतःहून दुसरी दशमी मागून घेतली. मी राजेशकडे पाहिलं, त्याने डब्यातली चटणी पुढे केली.

गुवाहाटीहून जोरहाटला बसने सात-आठ तास लागतात. दिवसाची बस घ्या, कारण वाटेत काझीरंगाच्या कडेने रस्ता जातो. आम्हाला बसमधूनच लांब गवतात दोन गेंडे दिसले. ड्रायव्हरने गाडी हळू केली, मग सगळे एका बाजूला आले आणि कंडक्टर सगळ्यांना परत जागेवर बसवत राहिला. जोरहाटला मुक्काम करून सकाळी शेअर टेंपोने निमाती घाट गाठला.

फेरी म्हणजे मोठी लाकडी बोट, वर पत्र्याचं छप्पर. तिकीट इतकं स्वस्त की राजेशने चौघांचंच आहे ना, असं परत विचारलं. शेवटची बोट दुपारीच सुटते आणि धुकं असलं तर सकाळची उशिरा, तेव्हा वेळ हाताशी ठेवूनच या. दोन फळ्यांवरून एक जीप बोटीच्या टपावर चढवत होते. चाक फळीवरून इंचभर सरकलं तसे बाबा पुढे झाले आणि हाताने खूण करून ड्रायव्हरला थांबवलं, मग तसूभर डावीकडे, मग पुढे. जीप चढली. बोटीवरच्या माणसाने त्यांना आपल्याशेजारी बसवून घेतलं. तासाभराच्या त्या प्रवासात दोघे हिंदीत बोलत होते. एकाची हिंदी आसामी, दुसऱ्याची दखनी. बाबा दर वाक्याला हौ म्हणत होते आणि तोही हौ म्हणायला लागला होता.

पलीकडे वाळूचा किनारा, वाळूवर पेंढा टाकून केलेली वाट, आणि तिथून व्हॅन. आम्ही मिशिंग लोकांच्या एका वस्तीत उतरलो. घरं बांबूच्या खांबांवर, जमिनीपासून माणसाच्या कमरेएवढी उंच. पुरात पाणी खालून जातं. यजमान बिपुल, त्याची बायको मोनी आणि माग टाकून बसलेली त्याची आई, एवढंच घर. शेजारी पाहुण्यांसाठी दोन बांबूच्या खोल्या. दोन्ही मिळून दिवसाला बाराशे, सकाळचा चहा-नाश्ता धरून. चालताना जमीन किंचित दबते, याची सवय व्हायला एक रात्र लागते. पानात गुंडाळून वाफवलेला भात, नदीतली मासळी आणि सुकटीसारखी एक झणझणीत चटणी जेवायला होती. ती चटणी बाबांनी तीनदा घेतली. मोनीने चौथ्यांदा न विचारताच वाढली.

दुसऱ्या दिवशी सायकली भाड्याने घेतल्या. तुम्ही गेलात तर हेच करा. रस्ते सपाट आहेत, दोन्ही अंगांना पिवळी शेतं, मधे मधे पाण्याचे तुकडे आणि त्यात पांढरे-काळे पक्षी. सकाळी स्वेटर लागतो आणि अकराला तो कमरेला बांधावा लागतो. तेजल आजोबांना डबलसीट घेऊन निघाली, आणि थोड्याच वेळात आजोबाच तिला डबलसीट घेऊन परत आले. एका सत्रात, म्हणजे तिथल्या मठात, बांबूच्या सांगाड्यावर माती-शेणाचे थर देऊन मुखवटे करतात ते पाहिलं. तिथल्या कारागिराने तेजलला एक भला मोठा राक्षस डोक्यावर चढवू दिला. आतून तिचा आवाज येत होता की मम्मी फोटो काढ, पण हसता हसता मला फोन धरता येईना.

तिसरा दिवस तिथल्या फागुन महिन्यातला पहिला बुधवार होता. मिशिंग लोकांचा पेरणीचा सण त्या दिवशी असतो. आमच्या तारखा तेजलने त्यावरच बेतल्या होत्या. सकाळी बिपुल शेताच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेला. थोडी जमीन उकरून तयार ठेवली होती. त्याने भाताचं बी टाकलं, मग वळून बाबांना बोलावलं आणि त्यांच्या ओंजळीत मूठभर बी दिलं. घरात थोरलं माणूस आलंय, त्यांच्याही हातचं पडू दे, असं म्हणाला. बाबांनी चपला काढल्या. आमच्या घरात जमीन कधीच नव्हती. गावी असताना ते दुसऱ्यांच्या शेतात पेरायला जायचे, ते सोडून पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. पण हात जसा हवा तसाच फिरला. बी सारखं पडलं. बिपुलच्या आईने ते पाहिलं आणि मिशिंगमध्ये काहीतरी म्हणाली. बिपुलने सांगितलं, ती म्हणतेय याला येतं.

दुपारी ढोल सुरू झाले. लाल-काळ्या कपड्यांतली तरुण मुलं-मुली रांगेने नाचत होती. तेजल त्यांच्यात गेली, मग मोनी मलाही ओढून घेऊन गेली. मी धाप लागून बाहेर आले आणि ऑफिसात फोन लागतो का बघायला बांधावर चढले. वस्तीत रेंज नव्हती, ती फक्त नदीच्या बांधावर यायची. वर पोचताच फोन वाजला. पद्मजा गारू सकाळपासून लावत होत्या.

"शोभा, लिस्ट वच्चेसिंदी," त्या म्हणाल्या. यादी आली.

माझं नाव आंध्रात होतं. त्यांचंही. त्यांना तर तेच हवं होतं, तरी त्या रडवेल्या झाल्या होत्या. ऑफिस सध्या हैदराबादलाच राहणार, राजधानी काही वर्षं दोघांची सामाईक आहे, घाबरू नको, असं सांगत राहिल्या. मी बरं म्हटलं आणि तिथेच बसले. खाली ढोल चालूच होते. राजेशला सांगायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे बाबा होते. आत्ता कुठे ते पोटभर जेवायला लागले होते. हैदराबादला पोचेपर्यंत बोलायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

ते जमलं नाही. अर्ध्या तासाने बाबाच बांधावर आले, बिपुलबरोबर. बिपुल त्यांना घर दाखवायला आणत होता. पूर्वीचं घर. त्याने नदीकडे बोट केलं, तिथे नुसतं पाणी होतं. नदी काठ खात जाते, त्यांनी दोनदा खांब उपटून घर मागे आणलंय, पुढेही आणावं लागेल, असं तो सहज सांगत होता. मग त्याला कुणी हाक मारली म्हणून तो उतरला. बाबा माझ्याशेजारी बसले.

"यादी लागली का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता पुन्हा तेच बोलतील, म्हणून मीच घाईने म्हटलं की तुमची नोकरी तिथे होती, त्यात तुमचा काय दोष.

"नोकरी तिथं होती, पण बदली आलती," बाबा म्हणाले. "मुदखेडची. तू सहावीत होतीस."

हे मला कधीच माहीत नव्हतं. मुदखेड म्हणजे नांदेडच्या दारात. आई तेव्हा खूश झाली होती, सामानाची बांधाबांध करायलाही लागली होती, असं ते म्हणाले. शाळा सोडल्याचा दाखला मागायला ते माझ्या शाळेत गेले. हेडमास्तरीण बाईंनी त्यांना खुर्ची दिली. रेल्वेतल्या खालच्या माणसाला, त्यात आमच्यासारख्याला, शाळेत खुर्ची मिळण्याची ती पहिली वेळ. माझी गणिताची वही काढून बाईंनी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "ई पिल्लनि कदिलिंचोद्दु." या पोरीला हलवू नका.

"म्हणून मी बदली नाकारली," बाबा म्हणाले. "तुझी आई दोन महिने बोलली नाही माझ्याशी. तो फॉर्म तू भरलास तवापासून मी हाच हिशोब करतोय. चुकलो का काय."

मी त्यांना विचारलं की बाई त्यांना खरंच तसं म्हणाल्या होत्या का. हो म्हणाले, आणि पुन्हा एकदा ते तेलुगू वाक्य त्यांच्याच हेलात म्हणून दाखवलं. मला रडूही येत होतं आणि हसूही. ज्या शाळेमुळे यादीत माझं नाव तिकडे गेलं, त्याच शाळेमुळे मला यादीत जायची ही नोकरी मिळाली होती. मी तेवढंच बोलले. चुकला नाहीत, असंही म्हणाले. ते ऐकून त्यांनी हाताला लागलेली बांधाची माती झटकली आणि खाली चल म्हणाले, कारण तेजल कधीची हाका मारत होती.

त्या संध्याकाळी बाबा नाचले. फार नाही, दोन फेऱ्या. राजेशला मी तेव्हाच सांगितलं. मोनीने पुढे केलेला तांदळाच्या बिअरचा पेला त्याने निम्मा संपवला आणि म्हणाला की शाळा काय, तिकडेही असतात.

आणखी एक दिवस राहून आम्ही त्याच वाटेने परतलो. हैदराबादला पोचल्यावर ऑफिसात एवढंच झालं की माझं टेबल कॉरिडॉरच्या पलीकडे गेलं. मधे कपाटं लावून दोन राज्यं केली होती. अंबरपेठची बस तीच, डबा तोच. काही वर्षांनी मात्र खरोखर जावं लागेल.

माजुलीला जाणार असाल तर फागुनातच जा, निदान तीन रात्री राहा आणि घरातलं थोरलं माणूस बरोबर न्या. आम्हाला तिथून काय मिळालं ते सांगायचं तर बाबा गुंतकलबद्दल बोलायला लागले. पलीकडच्या विभागात पहिल्याच दिवशी मला कुणीतरी गाव विचारलं. आजवर मी नांदेडपासून सुरू करून लांबलचक उत्तर द्यायचे. त्या दिवशी नुसतं गुंतकल म्हटलं. विचारणारा गुंतकलजवळच्या आदोनीचा निघाला, त्याचे वडीलही रेल्वेतले. हे घरी सांगितलं तर बाबांनी त्याला रविवारी चहाला बोलवायला लावलं. तो आला आणि दोघे दोन तास तेलुगूत सिग्नलच्या गोष्टी बोलत बसले.

तो गेल्यावर बाबांनी राजेशला जवळ बोलावलं आणि बजावलं की तिकडे घर बघायची वेळ येईल तेव्हा स्टेशनाजवळ बघा, गाडीचा आवाज असला की मला झोप चांगली लागते.