करी रोडच्या भिंतीवरचा तडा

रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून चाळींचे फोटो काढत हिंडायचा मला नाद आहे. मागच्या हिवाळ्यात करी रोडला असाच एका चाळीसमोर थांबलो. पिवळी भिंत, दुसऱ्या मजल्यावर हिरवी खिडकी आणि तिच्याशेजारी केबलच्या वायरची तिरपी सावली. ती सावली मला फारच आवडली. मान वर करून मी बराच वेळ तिथे उभा होतो.

तळमजल्यावरचे एक काका पेपर बाजूला ठेवून बाहेर आले आणि तेही वर बघू लागले. मग दूध घेऊन परतणारे एक गृहस्थ थांबले. काय बघताय, असं कोणीच विचारेना. शेवटी काकांनी कॅमेऱ्यात काय आलंय ते दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"तडा गेलाय," ते म्हणाले.

मी सांगितलं, वायरची सावली आहे. तर दुधाची पिशवी घेतलेले गृहस्थ म्हणाले, वायर कित्येक वर्षं तिथेच आहे, तडा मात्र आजच दिसतोय. भिंतीकडे बघून सावली वाटते, पण फोटोत बरोबर कळतं, असं काकांचं मत पडलं.

माणसं जमली. कोणीतरी वर जाऊन हिरव्या खिडकीतल्या मावशींना खाली यायला सांगितलं. त्या देव्हाऱ्यातला गणपती आणि मिक्सर घेऊन उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून भिंत न्याहाळू लागल्या. तोवर सूर्य बराच वर आला होता.

"तो सरकता हा," मावशी हळूच म्हणाल्या.

खरंच सरकला होता. सगळे मागे झाले. कशाची सावली आहे हे मला ठाऊक होतं, तरी मीही झालो.

मग सूर्य पलीकडच्या टॉवरमागे गेला आणि रेघच नाहीशी झाली. मला हायसं वाटलं, पण काकांचा चेहरा पडला. तडा आत गेला असणार, ते म्हणाले. दुरुस्ती झाल्याशिवाय वर जाणार नाही, असं मावशींनी सांगून टाकलं आणि तळमजल्यावरच्या शेजारणीकडे मुक्काम ठोकला. काकांनी माझ्याकडून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घेतला.

पुढच्या रविवारी गेलो तर भिंतीला बांबू बांधलेले. गवंडी एका हातात मोबाइल धरून, त्यातला माझा फोटो बघत बघत, भिंत तिरपी फोडून सिमेंट भरत होता. फार खोल नव्हता, पण वेळेवर सापडला, असं त्याने मला सांगितलं. काम सुरू झालेलं बघून मावशी परत घरी आल्या होत्या. त्यांनी वर बोलावून चहा दिला, आणि मागच्या भिंतीचेही फोटो काढून द्या म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांचीच काळजी मिटेल.

काढले. एकाही फोटोत वायर येऊ दिली नाही. फोटो अगदीच सपाट आले, पण चाळीत ते सगळ्यांना आवडले.