मंदाताईनं वाचलेली बातमी

फोन भाच्याचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मंदाताई, माझी थोरली बहीण, वडाळ्याला आपल्या घरी झोपेतच गेली. पुढं पेपरात तिचा फोटो आला आणि खाली ओळ, 'संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील निष्ठावंत कार्यकर्त्या'. भाच्यानं प्रेमानं दिली होती, त्याला मी काय बोलणार? पण मंदाताईनं ती वाचली असती तर चष्मा पुसून विचारलं असतं, "हे कोणी छापायला सांगितलं?" छापलेल्या शब्दाशी तिचं जन्मभराचं वाकडं होतं. ते कशामुळं, हे तिनं मला घराबाहेर कधी सांगू दिलं नाही. आता ती नाही. शिवाय त्यातली लाज तिच्या एकटीची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती, म्हणून लिहिते आहे.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत पेपर यायचा तो खालच्या हॉटेलात. सकाळी पुरुष चहाबरोबर तो वाचायचे आणि दुपारची जेवणं उरकली की तोच पेपर, चहाचे डाग पडलेला, मंदाताई वर घेऊन यायची. बायका गॅलरीत तांदूळ निवडत, कोलंबी सोलत बसायच्या आणि ती वाचायची. तिचे नियम कडक होते. पेपर आधी चाळून बघायचा नाही आणि छापलेल्यात स्वतःचं काही घालायचं नाही. कोणी म्हणालं, "थोडक्यात सांग गो," की ही ऐकून न ऐकल्यासारखी पुढची ओळ घ्यायची. चळवळीचे दिवस होते. सभा, मोर्चे, लाठीमार, सगळं ती बाजारभाव वाचावेत अशा एकाच सुरात वाचायची, तरी बायका पेटून उठायच्या. आमची आई एरवी मोठ्यानं खोकायची नाही, तीसुद्धा "मुंबई आमची हाय!" म्हणून सूप आपटायची. सत्याग्रहींसाठी घराघरातून भाकऱ्या जायच्या. त्यात सगळ्यांत मोठी चळत शेजारच्या पार्वतीकाकींची असायची. त्या विधवा, कणकवलीकडच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा गणपतदादा गिरणीत बदली कामगार होता, कोणी गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळायचं.

एका मोर्चाच्या दिवशी गणपतदादा घरी परतला नाही. पोलिसांनी पुष्कळांना धरलंय एवढंच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आमचा नेहमीचा, चळवळीच्या बाजूचा पेपर हातोहात संपला होता, म्हणून हॉटेलवाल्यानं दुसराच घेतला होता. मंदाताई तो घेऊन वर आली आणि नेहमीसारखी, आधी न बघता, वाचायला लागली. कापडाचं दुकान फोडून तागे पळवणाऱ्या गुंडांना पोलिसांनी पकडलं, त्यांची नावं अशी… आणि नावांत गणपतदादाचं नाव, चाळीच्या पत्त्यासकट! तिच्या तोंडून ते निघूनच गेलं. पार्वतीकाकी समोरच बसल्या होत्या. सगळ्यांचे हात थांबले. काकींचे थांबले नाहीत. त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "पुढचा वाच गो." आणि मंदाताईनं वाचलं! हवामान वाचलं, सोन्याचा भाव वाचला, शेवटच्या पानावरच्या केसांच्या तेलाची जाहिरातसुद्धा वाचली, कारण थांबायचं कसं तेच तिला कळेना.

त्यानंतर काकी दुपारच्या वाचनाला आल्या नाहीत. आणि आम्ही काय केलं? गुंड म्हणणारा पेपर आपल्या विरुद्ध बाजूचा आहे, रोज खोटं छापतो, असं ज्या बायका तावातावानं म्हणायच्या, त्याच आता कुजबुजायला लागल्या, की बाई, पेपरात आलंय, नावानिशी आलंय, काहीतरी असल्याशिवाय कसं येईल? नळावर काकी आल्या की बोलणं थांबायचं. आमच्या आईनं आपली घागर जराशी बाजूला ओढून घेतलेली मी या डोळ्यांनी पाहिली. बायकांचा मोर्चा निघाला तेव्हा दारोदार हाका गेल्या, फक्त त्या एका दाराशी हाक गेली नाही. घसा फुटेस्तोवर घोषणा देऊन आम्ही परत आलो, तेव्हा काकी दारात भाकऱ्या बांधून उभ्या होत्या. त्या घ्यायलासुद्धा कोणी पुढं झालं नाही. आजही ते आठवलं की मान वर करवत नाही.

गणपतदादा कोर्टातून सुटला. अश्रुधुरानं डोळे चुरचुरले म्हणून तो दुकानाच्या पायरीवर बसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. हा माणूस त्यातला नव्हे, असं खुद्द दुकानदारानंच सांगितलं. संध्याकाळी तो मान खाली घालून जिना चढला आणि चाळीनं नुसतं पाहिलं. मंदाताई मात्र रोज पेपरात त्याच्या सुटकेची बातमी शोधत होती. ती येईना, तेव्हा मला बरोबर घेऊन निघाली. ज्यांनी 'गुंड' छापलं होतं त्यांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. मग आम्ही आपल्या पेपरात गेलो. तिथं फार चांगलं वागवलं, बसवलं, चहा दिला. लालबाग-परळची माणसं म्हणजे चळवळीचा कणा, असं तिथले गृहस्थ मनापासून म्हणाले. आणि बातमीचं विचारल्यावर म्हणाले, "ताई, आज शिवाजी पार्कची सभा आहे, उद्या तिचा वृत्तांत. एका माणसाच्या सुटकेला जागा कुठून आणू?" परतल्यावर जिन्यात गणपतदादा भेटला, त्याला मंदाताईनं ते उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

त्याच दुपारी ती आपल्या बाजूचा तोच पेपर घेऊन गॅलरीत बसली, पण जागा बदलून, पार्वतीकाकींच्या दाराकडे तोंड करून. आणि नेहमीच्या त्याच सुरात तिनं वाचलं, "दुकान फोडल्याच्या आरोपातून काळाचौकीचे गिरणी कामगार गणपत यांची न्यायालयानं निर्दोष सुटका केली. ते चळवळीचे प्रामाणिक पाईक असून त्यांच्यावरील आरोप निराधार ठरला." मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. तिचं बोट होतं बाजारभावावर! बायका मात्र उठल्याच. "बघा, पेपरात आलं!" म्हणत आमची आई सगळ्यांच्या आधी काकींच्या दाराशी गेली. कोणी डोळे पुसले, कोणी साखर आणली. जिवंत माणूस सुटून घरी आला होता तेव्हा कोणी हललं नव्हतं, आणि आता…

एवढ्यावर भागलं असतं तर मंदाताईनं स्वतःला माफ केलं असतं. पण काकी बाहेर आल्या आणि त्यांनी हात पुढं केला. "माज्या झिलाचा छापून इलेला हा ना? ता कापून माका दी." मंदाताईचा चेहरा उतरला. पेपर हॉटेलवाल्याचा आहे, परत द्यायचाय, असं ती काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात आईनंच कात्री आणून दिली. मंदाताईनं बाजारभावाचा चौकोन कापला आणि ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिच्या हातावर ठेवला. काकींनी तो कपाळाला लावला. पुढं तो काच लावून देव्हाऱ्याशेजारी गेला.

त्याच दिवशी रात्रपाळीला निघण्याआधी गणपतदादानं तो चौकोन पाहिला. त्याला वाचता येत होतं. आम्हाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो गॅलरीत आला, मंदाताईपुढं उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आयेक वाचूक येना नाय. तू गप रव." रागावला असता तर सोपं गेलं असतं, असं ती मला नेहमी म्हणायची.

त्या दिवसापासून तिनं दुपारचं वाचन बंद केलं. पण एक वाचन तिच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. लग्न होऊन वडाळ्याला गेली तरी दर गणपतीला माहेरी आली, की आरतीनंतर पाहुण्यांसमोर काकी भिंतीवरून चौकट काढायच्या. "वाच गो, मंदा." आणि मंदाताई सरकीच्या भावावर नजर ठेवून ते सगळं 'वाचायची'. एकदा तिच्याकडून 'प्रामाणिक' राहिलं, तर काकींनी लगेच टोकलं, "प्रामाणिक खय गेला?" लोक हसले, मंदाताईसुद्धा हसली, आणि मोरीत जाऊन रडली. काकी जाईपर्यंत हे चाललं.

मंदाताईच्या दिवसकार्याला गणपतदादा आला. आता काठी घेऊन चालतो. भिंतीला टेकून बसला, गर्दी ओसरू दिली आणि शर्टाच्या खिशातून ते कात्रण काढून माझ्या हातात दिलं, चौकटीबाहेरचं, पिवळं पडलेलं. मला वाटलं, मंदाताईसाठी एकदा ऐकायचं असेल. मी चष्मा लावला आणि सुरुवात केली, "दुकान फोडल्याच्या आरोपातून काळाचौकीचे…"

"ता नको," तो म्हणाला. "छापलेला हा ता वाच."

मी वाचलं. सरकी, ढेप, शेंगदाणा… मागणी साधारण, भाव स्थिर. त्यानं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग कात्रण माझ्या हातातून घेतलं आणि घडी घालता घालता म्हणाला, "सरकीक जागा होती बग त्यांच्याकडे."