ताटातली तेरा हाडं

माझ्या ताटात तेरा हाडं निघाली आणि त्यातली माझी फक्त दोन होती, हे माझ्या बायकोला आजतागायत पटलेलं नाही.

रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल चढलेलं निघालं, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी मला कागदावर ताट काढून दिलं. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव ताटात भाकरी आणि उरलेल्या पावात मटणाच्या दोन फोडी. (रस्सा कुठं ओतायचा, ते मात्र दाखवलं नव्हतं!) सुनंदानं, म्हणजे बायकोनं, तो कागद फ्रिजला चिकटवला. शनिवारी पुन्हा रक्त तपासायचं होतं. आकडा उतरला नाही तर घरात मटण कायमचं बंद, असं तिनं जाहीर करून टाकलं. आणि नेमकं बुधवारी मिरजगावहून सासऱ्यांचं जेवायचं बोलावणं आलं.

"मी आत भाकऱ्या थापत असले तरी नंतर येऊन ताटातली हाडं मोजणार," तिनं गाडीतच बजावलं.

सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, मोजमापही हाडांवरच! जावयाच्या ताटाच्या कडेला हाडांचा ढीग दिसला नाही, तर त्यांना पाहुणचार वाया गेल्यासारखं वाटतं. मी दोन हाडं कडेला नीट मांडली आणि हात आखडला. मामांनी वाकून पाहिलं.

"पाव्हणं, दोनच हाडं? रश्श्यात काय कमी हाय का?"

"नाही मामा, झकास झालाय."

"मग लाजताय कशाला," म्हणत ते पळी भरायला पातेल्याकडे वळले. नको म्हणावं तर मामांचा चेहरा पडणार, घ्यावं तर माझं मटण जन्मभरासाठी जाणार. शेजारी मेहुण्याच्या, संतोषच्या ताटात मात्र हाडांचा डोंगर! मी त्यातली चार हाडं गुपचूप माझ्या ताटात ओढली.

मामा वळले, माझ्या ताटातली सहा हाडं पाहून खुलले. मग त्यांची नजर संतोषच्या ताटावर गेली. "संत्या, तुजं ताट मोकळं का रं?" पळी तिकडे रिकामी झाली. संतोष खात राहिला, मी त्याची हाडं ओढत राहिलो आणि मामा त्याला वाढत राहिले. मेहुणा खूश, सासरे खूश, आणि माझी पहिल्यांदाच आग्रहातून सुटका झाली होती.

तेवढ्यात गरम भाकरी घेऊन सुनंदा बाहेर आली. माझ्या ताटाशी थबकली. तिचे ओठ हळूहळू हलताना दिसले.

"तेरा," ती म्हणाली.

"आज पाव्हण्यांनी नाव राखलं बग," मामा कौतुकानं म्हणाले. त्यांच्यासमोर खरं बोलायची सोयच नव्हती.

परतताना मी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्याची उष्टी हाडं स्वतःच्या ताटात ओढणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तरी खात्रीसाठी तिनं भावाला फोन लावला. पण डॉक्टरांच्या त्या कागदाचा फोटो तिनं वहिनीलाही, म्हणजे संतोषच्या बायकोलाही, पाठवून ठेवला होता, तेव्हापासून त्यालाही दोनच फोडींची परवानगी होती आणि वहिनी संतोषच्या शेजारीच बसलेली होती.

"ताई, आयच्यान, मी दोनच फोडी खाल्ल्या," तो म्हणाला. "दाजींचं मला काय म्हाईत न्हाई."

शनिवारी रिपोर्ट आला. आकडा वर गेला होता. सुनंदानं तो माझ्यापुढे धरून शांतपणे विचारलं, "हे रक्तपण संतोषचंच का?"

फ्रिजवरच्या कागदावर मटण खोडून तिनं तिथं मटकी लिहिली. हाडं खरंच माझी नव्हती. पण पंगत बसल्याबसल्या खाल्लेल्या बिनहाडाच्या सात फोडी आणि वाटीभर काळीज माझंच होतं. मोजायचं हाडांवरून, हे तिनंच तर ठरवलं होतं!