सोमवारी भरलेल्या बरण्या

पापडी गावच्या फेलिशियाला शिकायची हौस दांडगी. पन्नाशी उलटली तरी व्यवस्थापनाचा एखादा वर्ग निघाला की बाई वही घेऊन पहिल्या बाकावर हजर. वर्षापूर्वी तिने कामणला गोदाम घेतलं. लोणच्याच्या काचेच्या बरण्या तिथे खोक्यांत भरून गावोगावी जायच्या. बावीस बायकांच्या घरची चूल त्यावर पेटायची.

आता ते सगळंच धोक्यात आलं होतं. बरण्या वाटेत फुटत होत्या, आणि लोणच्याच्या कंपनीने महिन्याची मुदत दिली होती. फूट थांबली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. परत आलेल्या खोक्यांवरचे तारखेचे शिक्के पाहिले, तर बहुतेक सोमवारी भरलेली. सुट्टीनंतर बायका आळसावतात, असा निकाल देऊन फेलिशिया मोकळी झाली. तिने सगळ्यांना फैलावर घेतलं, जुन्या आशालताला तर चारचौघींत. फूट तसूभरही कमी झाली नाही.

तेव्हा कुठे तिला वर्गात ऐकलेलं आठवलं. चूक पुन्हा पुन्हा त्याच जागी होत असेल, तर माणसाला धरू नका, कामाची अख्खी साखळी तपासा. वहीत उतरवून घेणं सोपं असतं हो. पण बाई हट्टाला पेटली. पुढच्या सोमवारी तिने एकच खोकं धरलं आणि त्याच्या मागे मागे फिरली. भरणं ठीक, चिकटपट्टी ठीक. उचलायला तळाशी हात घातला, तर पुठ्ठा मऊ. घडीची खोकी भिंतीला टेकवून उभी ठेवलेली, आणि प्रत्येकाची खालची कड दमट.

फरशी ओली कशाने? शनिवारी धुतात म्हणून. शनिवारी का धुतात? फेलिशियाचा हुकूम. रविवारच्या चर्चमधल्या मिस्साआधी घर धुऊन लख्ख करायचं हे तिच्या आईचं वळण, तेच तिने गोदामाला लावलं होतं. रविवारभर शटर बंद, आणि ओल पुठ्ठ्यात मुरत राहायची.

तिला स्वतःचीच चीड आली, पण तिने लपवलं नाही. सगळ्यांना जमवून म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्हाला उगाच बोलले. खोकी आजच फळ्यांवर चढवू." मग तिला राहवलं नाही. "पण इतक्या जणींत एकीच्याही लक्षात आलं नाही?"

आशालता चिकटपट्टी कापत होती. तिने मान वर केली नाही. "बाय, मी सांगितला व्हता. दिवाळीच्या आधी. खोक्यांना पानी लागतं म्हनून. तुम्ही बोलल्या, क्लासला उशीर व्हतो, मंग बघू."

फेलिशियाला हे आठवतसुद्धा नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ती आशालताच्या शेजारी फरशीवर बसली.

"मुदतीला अठरा दिवस आहेत," ती म्हणाली. "आणखी काय काय सांगितलं होतंस? पहिल्यापासून सांग."