डाव्या खांद्यावरचा गूळ

हे मी कुठे छापलेलं नाही, कुणाच्या कानावरही घातलेलं नाही. बायकोला माहीत नाही. आक्काला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझं सदर वाचत आलात — अंधश्रद्धेवरचं. कापून जपून ठेवलंय, असं काहींनी कळवलंही. त्या कौतुकाची मला चीड येते.

आक्का माझी थोरली बहीण. वडूजच्या बाजूला गावात राहते. मी कराडात, वर्तमानपत्रात. तिच्या छातीत गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ऑपरेशन सांगितलं, लवकर करा म्हणाले. आक्का म्हणाली, "देवाचा कौल घेतल्याबगार न्हाई." मी समजावलं, ओरडलो, रिपोर्ट वाचून दाखवला. ती ऐकून घेत होती, आणि भाकरी थापत होती.

आमच्या देवाचा कौल असा : गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली कळी चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ओला दगड, हलकी कळी — कुठली आधी पडेल याला काही अर्थ नाही. हे मला ठाऊक होतं. त्यावर मी लिहिलंही होतं.

गुरव पाणी आणायला बाहेर गेला. आक्का डोळे मिटून बसली होती. माझ्या हातात प्रसादाचा गूळ होता. तो बोटावर ओला केला आणि देवाच्या डाव्या खांद्यावर चोळला.

गुरवानं येऊन कळ्या लावल्या, आक्कानं ऑपरेशन करू का म्हणून विचारलं. डावी कळी चिकटून राहिली. उजवी पडली. आक्का दगडापुढं रडली, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन गाडीत बसली.

ती वाचली. याचा मला पश्चात्ताप नाही, तसं खोटं सांगणार नाही. उलट तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. रिपोर्ट आणि देव यांचं भांडण मी मिटवलं होतं — देवाच्या तोंडी रिपोर्ट घालून. माणसाची श्रद्धाही राहिली, जीवही राहिला. किती हुशारी. नाही का?

आक्का गल्लीभर सांगत सुटली. देवानं सांगितलं म्हणून डॉक्टरकडं गेले, म्हणून जगले. मी ऐकत होतो. मान डोलावत होतो.

मग शालन. आक्काच्या शेजारची, दोन पोरींची आई. तिलाही तशीच गाठ. घरात सांगायची लाज, म्हणून तिनं आक्काला सांगितलं. आक्कानं तिला आधी कुठं नेलं असेल? मी गावात होतो, मीही सोबत गेलो. या वेळी खांदे नुसते ओले होते.

डावी कळी पडली.

शालन माझ्याकडं वळली. "दादा, तुमी शिकल्याली मानसं. आक्कांचा कौल खरा आल्ता न्हवं?"

मी म्हणालो, "आला होता."

बातमीच्या हिशेबानं वाक्य अचूक होतं. कौल आला होता, आक्का वाचली होती. एक शब्द खोटा नव्हता.

का नाही सांगितलं? आक्का शेजारी उभी होती. तिचं उरलेलं आयुष्य त्या कळीवर उभं होतं, ते कसं काढून घेऊ — हे मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला गावाची भीती वाटली. देवाला हात लावला म्हणतील. त्याहून जास्त ऑफिसची वाटली — सदर लिहिणाऱ्यानं कौल फिरवला म्हणून हसतील. आक्कासाठी मी देवाला गूळ फासला. शालन माझी कोण होती?

कराडला परत निघालो. वाटेत रहिमतपूरला चहा प्यायलो. चहा चांगला होता, हेही आठवतं.

शालन दवाखान्यात गेली नाही. गेली तेव्हा उशीर झाला होता. तिच्या दिवसकार्याला आक्का म्हणाली, "तिला देवानं न्हाई म्हणलं, मला व्हय म्हणलं. त्याची मर्जी." तिच्या आवाजात समाधान नव्हतं. होतं ते ओझं — आपणच का वाचलो याचं. ते मी ठेवलं होतं तिच्यावर, आणि मी पत्रावळी उचलत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे होतं. थांबलो नाही. त्याच आठवड्यात शालनवर सदर लिहिलं. नाव न घेता, कडक. कौल लावणाऱ्या गुरवानं बाईचा जीव घेतला, असं लिहिलं. संपादकांनी पाठ थोपटली. गावातल्या तरुण मंडळींनी तो कागद देवळाच्या दाराला चिकटवला आणि म्हाताऱ्या गुरवाला पायरीवरून उतरवलं. तो पुन्हा गाभाऱ्यात गेला नाही. त्यानं दोन्ही वेळेला कळ्या सारख्याच लावल्या होत्या. त्या देवळात लबाडी करणारा एकच माणूस होता.

तुम्ही जपून ठेवलेलं कात्रण बहुधा तेच असेल.

आक्का आता नीट आहे. दर अमावास्येला देवाला जाते, शालनच्या पोरींना सोबत नेते. जाताना नैवेद्याला गूळ लागतो. कराडचा चांगला असतो म्हणून ती मला सांगते, आणि मी नेऊन देतो.